एनोमोतो ताकेआकी व फुकुझावाचा आक्षेप

जपानी आरमारी अधिकारी व पुढें वकील झालेला एनोमोतो ताकेआकी याच्या चरित्राची चर्चा निघाली कीं फुकुझावा युकिची याचा ‘यासेगामान नो सेत्सु’ हा निबंध पुढें येतो. १८९१ त लिहिलेला व १९०१ त छापलेला हा निबंध तेजस्वी खरा. परंतु त्यांतील आरोप आम्हांस अपुरा वाटतो.

पराभव दिसत असतांहि ताठ मान न सोडणें, हा निबंधाचा विषय. एनोमोतो शोगुनच्या आरमारांतला. १८६२ ते १८६७ पर्यंत तो हॉलंडच्या प्रवासांत व शिक्षणांत होता. १८६८ त शोगुनशाही कोसळली, तेव्हां जहाजें नव्या सरकारच्या हवालीं न करतां त्यानें उत्तरेस हाकोदाते गांठलें. पुढच्या वर्षीं शरणागति, १८७२ पर्यंत तुरुंगवास, आणि नंतर त्याच सरकारची चाकरी. त्याच्या शब्दावर जे मेले त्यांस काय वाटेल, असें फुकुझावा विचारतो. ओकित्सु येथील सेइकेन्जी मंदिरांतल्या, लढाईंत पडलेल्यांच्या स्मारकशिलेवर एनोमोतोनें स्वामिनिष्ठेचें वचन आपल्या दरबारी दर्जासह कोरविलें. त्यावरील फुकुझावाचा घाव रास्तच आहे.

मात्र ही सर्व चाकरी एकाच मापानें मोजतां येत नाहीं. हाकोदात्यास वेढा पडला असतां आगींत नष्ट होऊं नये म्हणून एनोमोतोनें समुद्रविषयक कायद्याचा फ्रेंच ग्रंथ शत्रूचा सेनानी कुरोदा कियोताका याजकडे पाठविला. पुढें ह्याच कुरोदानें त्याच्या प्राणांसाठीं रदबदली केली. १८७४ त व्हाइस अ‍ॅडमिरलचा हुद्दा देऊन त्याला पीटर्सबर्गास धाडलें, तें या विद्येसाठीं. ती दुसऱ्या कोणाजवळ फारशी नव्हती. ता. ७ मे १८७५ च्या तहानें जपाननें साखालिनवरील हक्क सोडला व उरुपपासून उत्तरेकडील कुरील बेटें घेतलीं. दुबळ्या पक्षाच्या वकिलास याहून अधिक मिळणें कठीण होतें.

खरा प्रश्न फुकुझावानें विचारलाच नाहीं. त्याच वर्षीं तोकियोंत ठरलेल्या पुरवणीनें मूळच्या ऐनू लोकांस तीन वर्षांत राज्य निवडावयास लाविलें. मायभूमि की प्रजापण, यांपैकीं एक. साखालिनचे ८४१ ऐनू होक्काइदोस नेले गेले. ही व्यवस्था कुरोदाच्या खात्याची, पुरवणीहि एनोमोतोच्या हातची नव्हे. तरी तहाची जबाबदारी त्याच्यावरून सर्वस्वीं उतरत नाहीं. १८८६-८७ च्या पटकी-देवीच्या सांथींत त्यांतील शेंकडों मेले. दक्षिण साखालिन १९०५ त जपानकडे आलें, तेव्हां वांचलेल्यांपैकीं बरेच परत गेले.