काटा वजनाचा, धोका पोटाचा

अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी असते. कॉन्फरन्स रूममध्ये टेबले मांडतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, वजन-उंची मोजतात आणि हातात एक रंगीत कागद ठेवतात. विम्याच्या हप्त्यात थोडी सूट मिळते, म्हणून आपण मंडळीही हौसेने रांगेत उभे राहतो. उपक्रम चांगला आहे, यात शंका नाही. वर्षानुवर्षे डॉक्टरांचे तोंड न पाहणाऱ्याची वाढलेली साखर कधीकधी इथेच सापडते. माझा आक्षेप आहे तो वजनाच्या रकान्यातल्या हिरव्या रंगाला.

हा रंग ठरतो बीएमआयवरून. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. हे गणित मूळ बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांचे, १८३२ च्या सुमाराचे. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणा एकाचा आजार नव्हे. एका कामासाठी लिहिलेला जुना प्रोग्रॅम भलत्याच कामाला जुंपला की काय होते, हे आपल्यापैकी निम्म्या वाचकांना तरी सांगायला नको!

यातली गोम एका पुणेकर डॉक्टरांनी फार सुंदर दाखवली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, असे नमुने घरोघरी असतात. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी ही चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट तिथून सुरू होते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा आकडा सुचवला. अमेरिकन डायबिटिस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची चाचणी २३ पासूनच करावी असे सांगितले. ऑफिसातल्या कागदावर मात्र सरसकट २५ पर्यंत हिरवेच. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाचे वजन १४७ ते १५९ पौंड असेल, तर कागद त्याची पाठ थोपटतो. खरे तर त्याने सावध व्हायला हवे. आमच्या कंपनीतल्या तपासणीत मी हे विचारले, तर ‘फॉर्ममध्ये तशी सोय नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

काही ठिकाणी पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले, चरबीची टक्केवारी सांगणारे यंत्र असते. तेही नीट समजून घ्यावे. यंत्र मोजते तो शरीराचा विद्युतरोध. चरबीचा आकडा त्यावरून सूत्राने काढलेला अंदाज असतो. पाणी किती प्यालात, नुकताच व्यायाम केलात का, यावरही तो हलतो.

शिवाय नुसत्या मोजण्याने प्रकृती सुधारत नाही. झिरुई साँग आणि कॅथरिन बेकर यांनी एका घाऊक विक्रीच्या साखळीतल्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. दीड वर्षाच्या आरोग्य कार्यक्रमानंतर लोक ‘आम्ही व्यायाम करतो’ असे जास्त सांगू लागले. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, बीएमआय यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

मग करावे काय? तपासणीला जरूर जावे, पण हिरव्या रंगावर विसंबू नये. घरी साधी टेप घ्यावी आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. पँटचा नंबर धरू नये, कारण पँट आपण पोटाखाली बांधतो! दक्षिण आशियाई पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा आहे. घेर त्याहून जास्त भरला, किंवा घरात कुणाला मधुमेह असला, तर आपल्या डॉक्टरांकडून एचबीए१सी ही रक्तचाचणी करून घ्यावी. ५.७ टक्क्यांपासून पुढे धोक्याची पूर्वसूचना आणि ६.५ पासून मधुमेह, हे लक्षात असू द्यावे. आणि पुढच्या तपासणीत ‘२३ ची मर्यादा का नाही?’ हा प्रश्न आपण प्रत्येकाने विचारावा. एकाच्या विचारण्याने फॉर्म बदलत नाही; पन्नासांनी विचारले तर बदलू शकतो.