निळी खूण आणि लागणारा दम

परंड्याकडे तुराट्यांच्या धुरापुढे आयुष्य काढलेल्या बाईला दम लागला की आपण 'दमा' म्हणून मोकळे होतो. विडीला कधी हातही न लावता चुलीच्या धुराने सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट रोग होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये ठळकपणे मांडले.

अशा रोग्यांना व्हॉट्सॲपवरून घरच्या व्यायामाचे संदेश पाठवावेत, ही कल्पना आता पुढे येते आहे. तिच्यामागचे विज्ञान पक्के आहे. व्यायामाने फुप्फुसे बरी होत नाहीत. पण पायांचे स्नायू प्राणवायू नीट वापरू लागतात आणि तेवढ्याच कामाला दम कमी लागतो.

आमचा आक्षेप मोजमापाला आहे. निळी खूण म्हणजे संदेश उघडला गेला, एवढेच. कोणी उघडला? फोन बहुधा मुलाच्या खिशात, आणि मुलगा रानात! सहा मिनिटांत बाई किती मीटर चालते, ही खरी कसोटी. त्यात सुमारे ३० मीटरांची वाढ झाली, तर तिला अर्थ आहे. चालायला ३० मीटरांची सपाट वाट मात्र हवी (शाळेच्या व्हरांड्यात ती मिळू शकेल). नसेल तर एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठबस होते ते मोजावे. पहिली मोजणी दवाखान्यातच, बोटाला ऑक्सिमीटर लावून व्हावी.

आणि व्यायाम आटोपून ती पुन्हा त्याच चुलीपुढे बसणार असेल, तर पहिला संदेश चुलीबद्दल हवा होता.