नदीचं मूळ आणि रेकॉर्डवरचं नाव



आपल्याकडे म्हण आहे, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. क्लासिक रॉकच्या चाहत्यांनी ही म्हण कधी मानलेली नाही. हे संगीत आलं कुठून, कुणाचं होतं आणि कुणी कुणाचं घेतलं, यावर गेली पन्नास वर्षं भांडण चालू आहे. आम्हीही त्या भांडणात दोन्ही बाजूंनी बोललेलो आहोत, त्यामुळे आज निवाडा देण्याचा आव आणणार नाही. पण भांडणात दोन्ही बाजू एक शब्द बिनधोक वापरतात. तो शब्द म्हणजे 'मूळ'. आजचं बोलणं त्या शब्दाबद्दल आहे.

एकच प्रकरण हातात घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. लेड झेपलिनचं 'होल लॉटा लव्ह'. ऑक्टोबर 1969 मध्ये त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर आलेलं हे पहिलंच गाणं. गीतकार-संगीतकार म्हणून रेकॉर्डवर बँडच्या चौघांची नावं होती. आता सात वर्षं मागे जा. 1962 साली शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सनं मडी वॉटर्सच्या आवाजात 'यू नीड लव्ह' हे गाणं काढलं होतं. ते लिहिलं होतं विली डिक्सननं. झेपलिनच्या गाण्यातले बरेचसे शब्द डिक्सनचे आहेत, आणि ते इतके जवळचे आहेत की योगायोग म्हणायला जागा नाही. डिक्सननं 1985 साली दावा लावला, 1987 साली कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि पुढच्या आवृत्त्यांवर त्याचं नाव आलं.

इथं चाहत्यांचे दोन तट पडतात. पहिला म्हणतो, ही सरळ चोरी आहे. गोऱ्या पोरांनी काळ्या माणसांचं संगीत उचललं आणि विमानं घेतली. दुसरा म्हणतो, ब्लूजची परंपराच अशी आहे. तिथं सगळेच एकमेकांचं घेतात. ओळी फिरत असतात, चाली फिरत असतात, मग झेपलिननं काय वेगळं केलं?

भांडण ऐकण्याआधी गाणी ऐकू या. आमचा अनुभव असा आहे की, या वादात तावातावानं बोलणाऱ्या बऱ्याच जणांनी दोन्ही गाणी लागोपाठ ऐकलेलीच नसतात.

'यू नीड लव्ह'ची लय मध्यम आहे, मागे ऑर्गन आहे, आणि अर्ल हूकरची स्लाइड गिटार सरकत राहते. मडी वॉटर्स तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेला होता. तो अजिबात घाई करत नाही. समोरच्या बाईला काय हवं आहे ते आपल्याला ठाऊक आहे, अशा खात्रीनं तो गातो. आता 'होल लॉटा लव्ह' लावा. सुरुवातीलाच जिमी पेजचा तो गिटारचा तुकडा येतो, जो मडी वॉटर्सच्या गाण्यात कुठंच नाही. मग मधल्या भागात गाणं चक्क मोडून टाकलेलं आहे. थेरेमिनचे चीत्कार, ढोलांवरचा आणि झांजांवरचा खेळ, डाव्या कानातून उजव्या कानात फिरणारे आवाज. आणि विशीतला रॉबर्ट प्लँट किंचाळतो. शब्द जवळजवळ तेच, पण मडी वॉटर्सकडे जी खात्री होती तिची इथं भूक झाली आहे. एक जण सांगतोय, दुसरा मागतोय.

म्हणजे गाणं नवं आहे का? आहे. आणि डिक्सनचे शब्द घेतले आहेत का? तेही आहेत. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. चाहत्यांच्या वादाची पहिली गफलत इथं होते. 'नवं आहे' हे सिद्ध केलं की 'घेतलं नाही' असं सिद्ध झालं, असं एका बाजूला वाटतं. 'घेतलं' हे सिद्ध केलं की 'नवं काहीच नाही' असं दुसऱ्या बाजूला वाटतं. दोघंही न ऐकता बोलतात.

आता परंपरेचा मुद्दा. तो खोटा नाही, हे आधी मान्य करू. रॉबर्ट जॉन्सनसारख्या गायकाच्या गाण्यांतही त्याच्या आधीच्या आणि बरोबरच्या गायकांचे तुकडे सापडतात. चक बेरीचं 1955 चं 'मेबलीन' घ्या. त्याच्या मागे 'आयडा रेड' नावाचं गोऱ्या कंट्री संगीतातलं जुनं गाणं आहे. म्हणजे वाहतूक एकेरी नव्हती. पण त्याच 'मेबलीन'च्या रेकॉर्डवर चक बेरीबरोबर आणखी दोन नावं छापली गेली, आणि त्यातलं एक होतं अ‍ॅलन फ्रीड या रेडिओ निवेदकाचं. त्यानं गाणं लिहिलं नव्हतं. नाव असलं की रॉयल्टीत वाटा, आणि वाटा असला की निवेदक गाणं जास्त वाजवणार, असा तो हिशेब होता. ती नावं निघायला ऐंशीचं दशक उजाडलं.

इथं परंपरेचा मुद्दा अडखळतो. गाणं जोवर ओसरीवर, दारूच्या गुत्त्यात, रस्त्याच्या कोपऱ्यावर गायलं जातंय, तोवर ते सगळ्यांचं आहे, कबूल. पण रेकॉर्डच्या गोल कागदावर गीतकाराचं नाव छापलं की ते नाव म्हणजे पैसा. 'मी परंपरेतून घेतलं' असं म्हणणारा माणूस खाली स्वतःचंच नाव लिहितो, तेव्हा त्यानं परंपरा तिथं थांबवलेली असते. पुढच्यानं घ्यायचं तर आता त्याला विचारून घ्यायचं. झेपलिनच्या बाबतीत अजाणतेपणाची सबबही चालत नाही. त्यांच्या पहिल्या अल्बमवर, म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत, दोन गाण्यांना त्यांनी विली डिक्सनचं नाव व्यवस्थित दिलं होतं. नाव कसं द्यायचं हे त्यांना माहीत होतं.

पण म्हणून पहिल्या तटालाही सगळं सोडून द्यायचं का? नाही. 'स्टेअरवे टू हेवन'वर स्पिरिट या बँडच्या 'टॉरस'ची नक्कल असल्याचा दावा 2014 साली लागला. 2016 साली ज्युरीनं झेपलिनच्या बाजूनं निकाल दिला, मधे फेरसुनावणीचा आदेश झाला, आणि 2020 साली अपील कोर्टानं ज्युरीचाच निकाल कायम केला. वादाचा तुकडा काय होता? मायनर स्वरावलीत पायरी-पायरीनं खाली उतरणारी एक ओळ. ती शतकानुशतकं युरोपीय संगीतात आहे, तिच्यावर कुणाचीच मालकी नाही. तेव्हा 'झेपलिन चोर' असं एकदा ठरवून सगळी गाणी त्याच खात्यात टाकणं हाही आळसच आहे. एका प्रकरणात ते चुकले, दुसऱ्यात नाही. प्रत्येक गाण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या तटाला आवडत नाही. ती म्हणजे पैसा फक्त इंग्लंडनं खाल्ला नाही. चेस रेकॉर्ड्सची गाण्यांच्या हक्कांची कंपनी होती आर्क म्युझिक. सत्तरच्या दशकात डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना तिच्याविरुद्धही कोर्टात जावं लागलं. आणि 'यू नीड लव्ह' तरी कसं झालं? अर्ल हूकरनं आधी वाजवून ठेवलेल्या वाद्यसंगीतावर मडी वॉटर्सचा आवाज मागून चढवला होता. गीतकार म्हणून नाव डिक्सनचं. हूकरचं नाव कुठं? ज्याला आपण अस्सल मूळ म्हणतो, त्याच्याही खाली एक बिननावाचा हात आहे.

आता आम्ही 'मूळ' या शब्दाकडे येतो. दोन्ही तट म्हणतात की रॉकचं मूळ ब्लूजमध्ये आहे. ऐकायला हा आदर वाटतो. पण मूळ कुठं असतं? जमिनीखाली. दिसत नाही, फुलत नाही, आणि झाडाच्या आधी असतं. ब्लूजला मूळ म्हटलं की तो आपोआप जुना होतो, खेड्यातला होतो, बिननावाचा होतो. एकदा बिननावाचा झाला की नाव न देणं सोपं जातं. आम्हाला वाटतं, चोरीची अर्धी तयारी या शब्दानंच करून ठेवली होती.

तारखा बघा. 'यू नीड लव्ह' आणि 'होल लॉटा लव्ह' यांच्यात सात वर्षं. हाउलिन वुल्फच्या 'किलिंग फ्लोअर'ची रेकॉर्ड 1964 ची, आणि त्यातून घेतलेलं झेपलिनचं 'द लेमन साँग' 1969 चं, म्हणजे पाच वर्षं. याला पूर्वज म्हणतात का? आपण पाच वर्षांपूर्वी आलेल्या सिनेमाला चित्रपटसृष्टीचं मूळ म्हणतो का? हाउलिन वुल्फ तेव्हा जिवंत होता, गात होता. 1970 साली त्यानं लंडनला जाऊन एरिक क्लॅप्टन, बिल वायमन, चार्ली वॉट्स यांच्याबरोबर एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. तो या पोरांचा समकालीन होता. वयानं मोठा, इतकंच.

मडी वॉटर्सचंही तेच. तो मिसिसिपीच्या मळ्यावरून 1943 साली शिकागोला आला, आणि शहराच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून त्यानं विजेवरची गिटार घेतली. 1958 साली तो इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्या गिटारच्या दणक्यानं तिथले काही रसिक दचकले. त्यांना मळ्यावरचा साधाभोळा, लाकडी गिटारवाला गायक हवा होता. म्हणजे त्यांना 'मूळ' हवं होतं, आणि समोर उभा होता एक आधुनिक, शहरी, विजेवर वाजवणारा कलावंत. रॉकनं ज्याचा शोध लावला असं आपण म्हणतो, ते सगळं तो आधीच करत होता.

नाव दिल्यानं कला कमी होते का, याचंही उत्तर झेपलिनकडेच आहे. त्यांच्या 1971 च्या अल्बमवर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. 1927 साली मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले, आणि बांधांवर काळ्या मजुरांना जबरदस्तीनं राबवलं गेलं. त्या पुरावरचं हे गाणं मेम्फिस मिनी आणि कान्सास जो मॅकॉय यांनी 1929 साली रेकॉर्ड केलं. झेपलिननं इथं मेम्फिस मिनीचं नाव दिलं. ती तेव्हा हयात होती, 1973 साली गेली. मूळ रेकॉर्डवर गाणारा मॅकॉय मात्र यादीतून सुटला, हेही सांगायला हवं. पण ऐका, नाव दिल्यानं त्या गाण्याचं काय बिघडलं? जॉन बॉनमचे ड्रम जुन्या वाड्यासारख्या एका घराच्या जिन्याखाली ठेवले होते आणि मायक्रोफोन वरून सोडले होते. तो आवाज पुराच्या पाण्यासारखा चालून येतो. असं याआधी कुणी वाजवलं नव्हतं. मेम्फिस मिनीचं नाव कागदावर आहे म्हणून बॉनमचा एकही ठोका हलका झाला नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं आणि इंग्लंडचं भांडण, आपला काय संबंध? थोडा आहे. 1972 साली पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', नव्यानं रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग कित्येक वर्षं चाहत्यांच्या हातोहात फिरत राहिलं, आणि 2015 साली 'कोडा' अल्बमच्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे आलं. गाण्यांच्या यादीत काय लिहिलंय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. एवढंच. तबला कुणाचा, व्हायोलिनं कुणाची, ते त्या ओळीतून कळत नाही. गीतकार म्हणून त्या वादकांचा हक्क होता असं आमचं म्हणणं नाही, तसा तो नव्हता. पण ते ऐकताना, एका शहराच्या नावाखाली माणसं कशी झाकली जातात, हे आपल्याला इथं बसून कळतं. 'डेल्टा', 'शिकागो', 'ब्लूज', 'मूळ' हे शब्दही तेच काम करतात.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. झेपलिन ऐकणं सोडा, असं आम्ही सांगत नाही. आम्हीही सोडलेलं नाही. पण पुढच्या वेळी 'रॉकचं मूळ ब्लूजमध्ये आहे' असं वाक्य तोंडात येईल, तेव्हा ते गिळा आणि त्याऐवजी नाव घ्या. शब्द विली डिक्सनचे. आवाज मडी वॉटर्सचा. गिटार अर्ल हूकरची. मग जिमी पेजचा तो तुकडा लावा आणि तोही मनापासून ऐका. वारसा कुणाचा, हा प्रश्न मग मिटेल असं नाही, पण निदान वाद जिवंत माणसांबद्दल होईल.

इतकं बोलून थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ. आणि कुणाला झेपलिनची बाजू लढवायची असेल तर त्यानं आधी हात वर करावा.