नळदुर्गची कथा व संशोधकाचें स्वातंत्र्य

नळदुर्गचा किल्ला नळराजानें बांधला, अशी कथा त्या गांवीं आजही सांगतात. बोरी नदी अडवून किल्ल्यांत घातलेला बंधारा व त्याच्या पोटांतील पाणीमहाल हें काम मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या अमदानींतील, १६१३ च्या सुमाराचें आहे. म्हणून नळराजाची कथा कोणी लिहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती कथा म्हणून, सांगणाराचा ठावठिकाणा देऊन लिहावी, इतकेंच. विद्यापीठीय संशोधकाच्या स्वातंत्र्याविषयीं महाराष्ट्रांत २००३ सालीं जो वाद माजला, त्याच्या मुळाशीं याच साध्या नियमाचें विस्मरण आहे.

१८५३ मध्यें नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आला, तेव्हां मेडोज टेलर तेथें डेप्युटी कमिशनर होता. पुढें १८६३ मध्यें त्यानें अफझलखानाच्या स्वारीवर 'तारा' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. खानाचा मुलगा व तुळजापूरच्या शास्त्र्याची कन्या यांची प्रीति त्यानें कल्पिली. त्याबद्दल त्याच्याकडे अस्सल कागद मागण्याचें कारण नाहीं. कादंबरी हें नांवच कल्पनेची कबुली होय.

इतिहासकारास ही सवलत नाहीं. अमेरिकेंतील मॅकॅलेस्टर महाविद्यालयाचे अध्यापक जेम्स लेन यांचा शिवछत्रपतींवरील इंग्रजी ग्रंथ २००३ मध्यें ऑक्सफर्डनें छापिला. महाराजांविषयींच्या आख्यायिका कशा वाढत गेल्या, हा त्याचा विषय. तो योग्य व उपयुक्तही आहे. परंतु महाराजांच्या कुलाविषयींची एक थट्टा लोकांत चालते म्हणून त्यांनीं नमूद केली. कोणी केली, कोठें, केव्हां, याचा उल्लेख नाहीं. उत्तरकालीन बखरीसही बहुधा कर्ता व काळ असतो. या नोंदीस तोही नाहीं. दोष विषयाचा नव्हे, पद्धतीचा आहे.

तो दोष लेखणीनें दाखविणें हेंच आपलें काम होतें. घडलें भलतेंच. नोव्हेंबर २००३ मध्यें प्रकाशकांनीं ग्रंथ मागें घेतला; म्हणजे खंडन करूं इच्छिणारासही मूळ पान दुर्मिळ झालें. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला व ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. ग्रंथकारानें संस्थेचे व तेथील विद्वानांचे आभार मानिले होते, एवढाच संस्थेचा अपराध! सरकारनें घातलेली बंदी मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००७ मध्यें रद्द केली व सर्वोच्च न्यायालयानें २०१० मध्यें तो निर्णय कायम ठेविला. न्याय झाला, पण नासलेलें पान न्यायालयास परत देतां येत नाहीं.

ज्यांच्या घरीं जुने रुमाल आहेत, त्यांनीं याचा विचार करावा. आभाराच्या एका ओळीपायीं घर फुटणार असेल, तर परक्या अभ्यासकापुढें आपलें दप्तर कोण सोडील? आणि न सोडलेलें दप्तर वाळवीच्याच उपयोगी पडतें.

आमचें मत असें कीं, संशोधकानें लिहिण्यापूर्वीं कोणाची परवानगी मागूं नये. मात्र लिहिल्यावर प्रत्येक विधानाचा आधार मागणारास दाखवावा. आधार नसेल, तर विधान मागें घेण्यांत कमीपणा नाहीं. वाचकासही रागावण्याचा अधिकार आहे. पण त्यानें कागदास उत्तर कागदानेंच द्यावें.