आवक सुरू, जावक बंद

बी. कॉम. झालेल्या माणसाने पुस्तकांच्या समीक्षेत पडू नये, असं आमच्या शाखेतल्या कॅशियर बाईंचं मत आहे. त्या मराठी घेऊन एम. ए. झाल्या आहेत. समीक्षेत दोन्ही बाजूंची बेरीज जुळायची नसते, म्हणून ती आम्हांला झेपत नाही, असं त्या म्हणतात. मीही आजवर त्या वाटेला गेलो नव्हतो. पण यंदाच्या पावसाळ्यात एक पुस्तक मी तीन वेळा वाचलं, आणि आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

हे पुस्तक मला गाडीबरोबर फुकट मिळालं. जाडी ज्ञानेश्वरीची आणि टाइप पंचांगाचा. बांधणी उत्तम. मुखपृष्ठावर गाडी आहे, पण लेखकाचं नाव नाही. वाचून झाल्यावर त्याचं कारण कळतं.

नऊ रसांपैकी लेखकाला भयानक रस विशेष प्रिय दिसतो. पानोपानी त्रिकोण, आणि त्रिकोणात उद्‌गारचिन्ह. ‘सनरूफ’ हे प्रकरण तर सबंध धाकदपटशाने भरलेलं आहे. डोकं बाहेर काढू नका. हात काढू नका. मुलांना उभं करू नका. आता तुम्हीच सांगा, डोकं बाहेर काढायचं नसेल तर आपल्याकडे माणूस छताला भोक असलेली गाडी ज्यादा पैसे मोजून घेतो कशाला? आमच्या चिरंजीवांनी तर गाडी घरी आली त्याच दिवशी कॉलेज रोडवर कमरेपर्यंत बाहेर येऊन लोकांचे नमस्कार स्वीकारले होते.

ही परंपरा जुनी आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या नॅश नावाच्या कंपनीने कारखान्यातूनच छताला खिडकी बसवून गाड्या विकल्या. नॅशपासून नाशिकपर्यंत यायला खिडकीला एवढी वर्षं लागली, पण आली ती थेट आमच्या दारात. आणि आमचं दार गुलमोहराखाली.

प्रकरणाच्या अगदी शेवटी, त्रिकोण वगैरे काही नसलेलं, एक ओळीचं वाक्य आहे. पाणी वाहून जाण्याचे मार्ग वेळोवेळी स्वच्छ करावेत, अशा अर्थाचं. कुठले मार्ग, किती, कुठे, कशाने स्वच्छ करायचे, ह्यावर लेखक मौन पाळतो. कॅशियर बाई ह्याला ‘सूचकता’ म्हणाल्या. आमचे ऑडिटर ह्याला दुसरा शब्द वापरतात.

पहिल्या वाचनात मीही ते वाक्य ओलांडून पुढे गेलो. आणि जुलैमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी तिला दाखवून परत आणत होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. बाहेर धो धो पाऊस. खिडक्या बंद, काच बंद, आई माझ्या शेजारी काळा चष्मा लावून बसलेली. गंगापूर रोडच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला, आणि आतल्या दिव्यातून पाण्याची धार सुटली ती सरळ तिच्या कपाळावर! डॅशबोर्डवरच्या गणपतीला क्षणात दुतोंड्या मारुतीची ड्यूटी लागली. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं ह्यावर नाशिककर पूर मोजतात. इथे गणपतीचा उंदीर बुडाला होता.

मी कधी नव्हे तो घाबरलो. पण आईने तेवढ्यात पदर डोळ्यावर घट्ट दाबून धरला होता. पदराआडून ती शांतपणे म्हणाली, “अरे, पन्हळ तुंबलीय तुझी.”

“आई, गाडीला पन्हळ नसते,” मी म्हणालो. वाणिज्य शाखेचा पदवीधर तो!

डोळा वाचला. मग गाडी सर्व्हिस सेंटरात नेली. तिथल्या टायवाल्या मुलाने विचारलं, “सर, काच नीट बंद होती ना?” २०२३ साली एका गाडीवाल्याने आपली नवी गाडी डोंगरातल्या धबधब्याखाली उभी केली, तेव्हा आतल्या दिव्यातून आणि स्पीकरमधून धारा लागलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. मग कंपनीने त्याच धबधब्याखाली तशीच गाडी उभी करून ती आत कोरडी राहते हे दाखवलं. तेव्हाही लोक हेच विचारत होते, आणि मीही त्या गृहस्थाला पोटभर हसलो होतो. आता माझी पाळी होती. मुलाने काचेभोवती कसलीशी चिकट लुकण भरली, बिल दिलं आणि बोळवण केली. पुढच्या पावसात धार पुन्हा हजर.

मग पुस्तक पुन्हा वाचलं, आणि आईलाही पुन्हा विचारलं. तिचं बालपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. मृगाच्या आधी पोरांना माळ्यावर चढवून पन्हळीतली पिंपळाची पानं काढायला लावत. “पाऊस अडवायचा नसतो रे,” ती म्हणाली, “त्याला वाट करून द्यायची.”

गोम नेमकी इथेच आहे. काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवतच नाही, थोडं आत यायचंच, हे बनवणाऱ्याने धरलेलं असतं. काचेखाली चौफेर पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांत भोकं, भोकांना नळ्या, आणि त्या नळ्या गाडीच्या खांबांच्या पोटातून उतरून चाकांच्या आसपास बाहेर पडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर वर आवक, खाली जावक. गुलमोहराची बारीक पानं आणि रस्त्याची धूळ मिळून जावक बंद पडली, की आवक छताच्या अस्तरात साठते. मग ब्रेक दाबला की एकरकमी वसुली! काचेला लुकण भरणं म्हणजे जावक तुंबली म्हणून आवक कारकुनाची बदली करणं.

रविवारी मी छत उघडलं आणि फुलपात्राने एकेका कोपऱ्यात हळूहळू पाणी सोडलं. चिरंजीव खाली चाकांपाशी पालथे. “आलं, बाबा!” “आलं!” “हेही आलं!” चौथा कोपरा आईच्या बाजूचा, पुढचा डावा. तिथे पाणी तसंच उभं. सरकारी फायलीसारखं.

पंक्चरवाला हवेचा पाइप घेऊन आला होता, त्याला मी हात जोडले. जोराची हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते, मग पाणी बाहेर जायचं नावच घेत नाही. कडक तार घातली तर नळीला भोक पडतं. मी गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हाताने सारत गेलो. अर्ध्या तासाने खालून गुलमोहराची पेज पडली आणि तिच्यामागे स्वच्छ पाणी. त्यानंतर दोन महिने पाऊस पडला, पण आत थेंब नाही.

तेव्हा ह्या ग्रंथाबद्दल माझं मत असं: डोकं बाहेर काढू नका हे सांगायला लेखकाने पाच पानं घेतली. पाणी बाहेर कसं काढा, ह्यासाठी एक चित्र आणि चार बाण पुरले असते. तेवढ्यासाठी माझ्या आईचा डोळा पणाला लागला होता. ही उणीव मुद्रणदोषात घालता येत नाही.

आईला आता त्या डोळ्याने लख्ख दिसतं. परवा तिने ते पुस्तक मागून घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “वेळोवेळी म्हणजे कधी रे?”

मला सांगता येईना. तिने पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: ‘मृगाच्या आधी.’

सबंध पुस्तकात उपयोगाचं तेवढंच आहे.