सागरी वारशाचे दर्शन आणि श्रमाचा विसर : अरबी किनाऱ्यावरील शैक्षणिक जलप्रवासाची चिकित्सा

प्रास्ताविक :

प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार जितका जुना आहे, तितकाच प्रवासातून ज्ञान मिळते हा विश्वासही जुना आहे. अलीकडच्या काही दशकांत या विश्वासाला एक संघटित रूप प्राप्त झाले आहे. शंभर-दोनशे प्रवासी सामावणारे छोटे जहाज, सोबत इतिहास वा पुरातत्त्व या विषयांचे व्याख्याते, जहाजावर ग्रंथालय आणि दररोज एक बंदर, असे या 'शैक्षणिक जलप्रवासा'चे स्थूल स्वरूप असते. मस्कत, सूर, खसब, दोहा, बहारीन अशा बंदरांतून जाणारा हा प्रवास अरब संस्कृतीचा व वारशाचा परिचय करून देण्याचे आश्वासन देतो. प्रस्तुत लेखात या प्रवासाकडे एक संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ही संहिता काय सांगते, यापेक्षा ती काय वगळते, हा येथे विचाराचा मुख्य मुद्दा आहे. त्यासाठी अरबी सागरप्रवासावरील दोन प्रसिद्ध ग्रंथांचा तुलनात्मक आधार घेतला आहे.

दोन प्रवास, दोन दृष्टी :

पहिला ग्रंथ ॲलन व्हिलियर्स यांचा 'सन्स ऑफ सिंदबाद' (१९४०). व्हिलियर्स हे ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी. १९३८-३९ मध्ये त्यांनी 'बयान' नावाच्या कुवेती गलबतावरून एडन ते झांजिबार, तेथून रुफिजी नदीचा त्रिभुजप्रदेश आणि परत कुवेत असा प्रवास केला. गलबताचे नाखुदा अली बिन नासर अल-नज्दी हे होते. दुसरा ग्रंथ टिम सेव्हरिन यांचा 'द सिंदबाद व्हॉयेज' (१९८२). ओमानमधील सूर येथे प्राचीन पद्धतीने, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून 'सोहार' नावाचे जहाज बांधण्यात आले. सुलतान काबूस यांच्या आश्रयाखाली ते नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून निघाले व जुलै १९८१ मध्ये चीनमधील कँटन बंदरात पोहोचले.

वरवर पाहता दोन्ही ग्रंथांचा नायक सिंदबादच आहे. मात्र दोहोंच्या दृष्टीत मूलभूत अंतर आहे. व्हिलियर्स पोट भरण्यासाठी समुद्रावर निघालेल्या माणसांबरोबर जातात. त्यांच्या गलबतात खजूर आहेत, दाटीवाटीने बसलेले उतारू आहेत, रुफिजीच्या चिखलातून तोडून आणलेले खारफुटीचे वासे आहेत. पुढे ते मोती काढणाऱ्यांच्या गलबतांवरही जातात आणि तेथील कर्जाची साखळी पाहतात. पाणबुडा नाखुद्याचा ऋणको, नाखुदा व्यापाऱ्याचा ऋणको. हंगामापूर्वी घेतलेली उचल हंगाम संपला तरी फिटत नाही. व्हिलियर्स यांच्या लेखनालाही मर्यादा आहेत. शिडाच्या जहाजांचे अखेरचे युग आपण पाहत आहोत या जाणिवेने ते वारंवार भावविवश होतात, आणि गलबतावरील स्त्रियांचे जग त्यांना अगम्यच राहते. असे असूनही त्यांच्या पानांतून घामाचा वास येतो, हे मान्य करावे लागते.

सेव्हरिन यांचा प्रवास हा पुनर्निर्मितीचा प्रवास आहे. येथे माणसे समुद्रावर जातात ती एक गृहीतक तपासण्यासाठी. पुनर्निर्मितीचे ज्ञानात्मक मूल्य नाकारता येत नाही. शिवलेले जहाज महासागर ओलांडू शकते, हे ग्रंथालयात बसून सिद्ध झाले नसते. शिवाय सेव्हरिन प्रामाणिक लेखक आहेत. जहाजाचे लाकूड मलबारच्या अरण्यातून आले, फळ्या शिवण्यास लक्षद्वीपचे कारागीर आले, हे ते विस्ताराने सांगतात. पुढे मात्र त्या कथेचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते. आज 'सोहार' मस्कतमध्ये अल बुस्तान येथील रस्त्याच्या चौकात, कोरड्या जमिनीवर उभे आहे. मलबारचे लाकूड आणि लक्षद्वीपची शिवण असलेले हे जहाज आता एका राष्ट्राच्या सागरी वारशाचे चिन्ह झाले आहे. वारसा दृश्य होतो; तो घडविणारे हात मात्र दृष्टीआड जातात.

शैक्षणिक जलप्रवासाची संहिता :

शैक्षणिक जलप्रवासाने व्हिलियर्सपेक्षा सेव्हरिन यांचा, आणि सेव्हरिन यांच्या ग्रंथापेक्षा चौकातील जहाजाचा वारसा स्वीकारला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. किल्ला, बाजार, मशीद, संग्रहालय हा या प्रवासाचा क्रम असतो. या साऱ्या पूर्ण झालेल्या, स्थिर आणि छायाचित्रास अनुकूल अशा गोष्टी होत. ज्या समुद्रावरून हा प्रवास चालतो, तो समुद्र दोन बंदरांमधील रात्रीचे अंतर एवढाच उरतो.

येथे काळाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. 'मोसम' हा आपला शब्द मूळचा अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. हिवाळ्यात ईशान्येकडील वारा गलबतांना आफ्रिकेकडे नेई आणि नैर्ऋत्येचा वारा त्यांना परत आणी. वारा फिरेपर्यंत परक्या बंदरात थांबणे भाग असे. या सक्तीच्या प्रतीक्षेतूनच ओळखी झाल्या, भाषा मिसळल्या, विवाह झाले, वस्त्या उभ्या राहिल्या. अरब प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१६च्या सुमारास सैमूर म्हणजे आपल्या चौलला आला, तेव्हा तेथे सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या, तसेच येथेच जन्मलेल्या सुमारे दहा हजार मुस्लिमांची वस्ती असल्याचे त्याने नोंदविले आहे. इ. स. ९२६च्या चिंचणी ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या ताजिक म्हणजे अरब अधिकाऱ्याचा 'मधुमती' या नावाने उल्लेख येतो. मुहंमद या नावाचे हे संस्कृत रूप प्रतीक्षेच्या संस्कृतीचे बोलके प्रमाण आहे. सकाळी येऊन सायंकाळी निघणाऱ्या जहाजाला ही संस्कृती शिकविता येणे कठीण आहे, कारण त्याने तिची पूर्वअटच रद्द केलेली असते.

प्रतिवाद आणि पर्याय :

पर्यटकाकडून अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. थोड्या दिवसांत सर्व काही दाखविता येत नाही, हे खरेच. तथापि प्रश्न वेळेचा नसून निवडीचा आहे. याच किनाऱ्यावर श्रमाचा इतिहास दाखविणारी स्थळेही आहेत. बहारीनमधील मुहर्रक येथील मोत्यांच्या अर्थव्यवस्थेशी निगडित सतरा इमारती, तीन शिंपले-क्षेत्रे आणि किनाऱ्याचा एक भाग यांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथे व्यापाऱ्याच्या वाड्याबरोबर पाणबुड्याचे घरही वारसा मानले गेले आहे. दोहा येथील बिन जेलमूद हाऊस हे २०१५ मध्ये सुरू झालेले संग्रहालय हिंदी महासागरातील गुलामगिरीचा इतिहास मांडते. अरब समाज स्वतःच्या भूतकाळाकडे चिकित्सकपणे पाहू शकत नाही, या सोयीस्कर समजाला ही दोन्ही उदाहरणे छेद देतात. म्हणजे यजमान समाज जे सांगण्यास तयार आहे, ते ऐकण्याची पाहुण्याची तयारी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

समारोप :

ही चिकित्सा केवळ श्रीमंत पर्यटकांपुरती मर्यादित ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्या महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलीही याच साच्यातून जातात. चौल-रेवदंड्यास गेलेले विद्यार्थी किल्ल्याची तटबंदी पाहतात, छायाचित्रे काढतात, अहवाल लिहितात. त्याच किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या माणसाशी बोलावे, असे त्या अहवालाच्या आराखड्यात कोठेही नसते. वास्तविक कोळी समाजातील 'नाखवा' हा शब्द फारसी 'नाखुदा'चाच वंशज आहे. अल-नज्दी यांचे पद ज्या शब्दाने ओळखले जाई, तोच शब्द आपल्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी रोजच्या बोलण्यात असतो. त्या विद्यार्थ्यास आपण तो कधी विचारलेला नसतो.

प्रवास शैक्षणिक ठरतो तो व्याख्यात्यांच्या संख्येमुळे नव्हे. पाहिलेली वस्तू कोणी घडविली, कोणत्या मोबदल्यात घडविली आणि तिच्या कथेतून कोणाचे नाव गळले, हे तीन प्रश्न तो प्रवाशाच्या मनात जागे करतो की नाही, यावर त्याचे मूल्य ठरावे. अरबी किनाऱ्यावरील छोट्या जहाजाला हा निकष लावताना, पुढील सहलीचा आराखडा तयार करण्यापूर्वी तो आपण स्वतःलाही लावणे अगत्याचे आहे.