क. ना. सु. : एका टीकाकाराच्या याद्या

तंजावर म्हटले की सरफोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या देवळातील भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. त्याच कावेरीकाठाने आधुनिक तमिळ वाङ्मयाला दिलेला एक परखड टीकाकार मात्र तिकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या लोकांनाही फारसा ठाऊक नाही. क. ना. सुब्रह्मण्यम् यांचा जन्म १९१२ साली त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील वलंगैमान येथे झाला. तमिळ वाचक त्यांना 'क. ना. सु.' म्हणूनच ओळखतात.

ते मूळचे कादंबरीकार. 'पोय्त्तेवु' (१९४६) म्हणजे खोटे दैवत. सात्तनूरचा सोमू हा दरिद्री पोर व्यापारात गबर होतो आणि अखेरीस सारे गमावून वैराग्याच्या वाटेला लागतो. पैशाचे वेड हीही एक भक्तीच, ही जाण लेखक उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता देतो.

टीकेकडे ते वळले ते साप्ताहिकांतील क्रमशः कादंबऱ्यांच्या स्तोमाला विटून. कल्कींच्या कादंबऱ्यांवर वाचक लुब्ध असताना, खप आणि गुण यांची गल्लत करू नका, असे त्यांनी बजावले. 'इलक्किय वट्टम्' हे नियतकालिक चालविले, क्नूट हाम्सुन तमिळमध्ये आणला आणि उत्तम पुस्तकांच्या याद्या वारंवार प्रसिद्ध केल्या. या याद्यांनी त्यांना शत्रूही पुष्कळ मिळवून दिले.

कारणे न देता निकाल देतात, हा त्यांच्यावरील आक्षेप खोटा नाही. टिप्पणीवाचून आलेली फाईल आमच्या कचेरीत कोणी पुढे सरकवीत नाही! येथे मर्ढेकरांची आठवण होते. तेही कवी, कादंबरीकार आणि टीकाकार. वयाने दोनच वर्षे वडील. साहित्य अकादमीने दोघांचाही गौरव केला तो टीकाग्रंथासाठी : मर्ढेकरांचा १९५६ साली 'सौंदर्य आणि साहित्य'साठी, क. ना. सुं.चा १९८६ साली 'इलक्कियत्तुक्कु ओरु इयक्कम्'साठी. पण मर्ढेकर लयतत्त्वाची काटेकोर मांडणी करतात, क. ना. सु. सिद्धान्ताच्या वाटेलाच जात नाहीत. टीकाशास्त्र म्हणून मर्ढेकरांचे पारडे निःसंशय जड आहे.

तरीही प्रस्तुत लेखकाचा कल क. ना. सुं.कडे झुकतो. कित्येक वर्षे दिल्लीत राहूनही तमिळमध्ये काय लिहिले जात आहे यावरची त्यांची नजर ढळली नाही. मोजक्याच कथा लिहून गप्प राहिलेले मौनी साप्ताहिकांच्या गर्दीत कोणाला दिसले असते? क. ना. सु. १९८८ साली गेले. मौनींचे नाव आज तमिळ कथेच्या प्रत्येक चर्चेत निघते, आणि त्या नावाच्या मागे ती बदनाम यादी आहे.